निरवानिरव : हिज्कीया राजाला मिळालेली पंधरा वर्षे

राजा अंथरुणाला खिळला आहे. वय ३९. अंगावर गळू उठले आहे, दुखणे जिवावरचे आहे आणि उत्तरेकडच्या अश्शूरी साम्राज्याची छाया राज्यावर पडली आहे. अशा वेळी आमोजाचा मुलगा यशया आत येतो. राजाचा याच संदेष्ट्यावर सर्वांत जास्त भरवसा. तो परमेश्वराचा निरोप सांगतो : घराची निरवानिरव कर. तू मरणार आहेस, यातून उठणार नाहीस.

यरुशलेम राजधानी असलेल्या यहूदाचा राजा हिज्कीया याची ही कथा पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तीन ठिकाणी आली आहे : २ राजे अध्याय २०, यशया अध्याय ३८ व ३९, आणि २ इतिहास अध्याय ३२. आजाऱ्याच्या उशाशी बसून मी ती अनेकदा वाचली आहे. बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणी थांबलो आहे : राजा रडला, देवाने ऐकले, पंधरा वर्षे वाढली, आमेन. आजारी माणसाला तेवढेच हवे असते आणि त्यात काही वावगे नाही. पण कथा तिथे संपत नाही. त्या पंधरा वर्षांचे पुढे काय झाले, हे शास्त्राने लपवलेले नाही. आयुष्य थोडे आहे आणि उद्याचा भरवसा नाही, हे मान्य करून ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्याने हे प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

आधीचा माणूस

हिज्कीया देवाला विसरलेला माणूस नव्हता, हे आधी स्पष्ट करायला हवे. नाहीतर सगळे प्रकरण ‘पापाची शिक्षा’ या एका वाक्यात गुंडाळले जाते.

तो २५ व्या वर्षी गादीवर बसला. बाप आहाज याने मंदिराचे दरवाजे बंद करून टाकले होते. मुलाने कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात, ते उघडले आणि दुरुस्त केले. मिसरातून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडण सणाची ठरलेली वेळ हुकली, याजक पुरेसे शुद्ध झाले नव्हते. म्हणून वर्षभर थांबण्याऐवजी त्याने तो दुसऱ्या महिन्यात पाळला. उत्तरेकडच्या गोत्रांनाही निरोप धाडले. काहींनी निरोप्यांची थट्टा केली, काही नम्र होऊन आले. मोशेने घडवलेला पितळी साप लोक धूप जाळून पुजू लागले होते. तो त्याने फोडून टाकला. शलमोनाची नीतिवचने त्याच्या माणसांनी उतरून काढली, अशी नोंद नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायाच्या माथ्यावर आजही आहे. राजांच्या पुस्तकाने तर म्हटले आहे की, परमेश्वरावर भाव ठेवण्यात यहूदाच्या राजांमध्ये त्याच्यासारखा ना आधी कोणी झाला, ना नंतर.

म्हणजे मरणाचा निरोप आला तो मनापासून चालणाऱ्या माणसाला, भर दुपारी, काम अर्धे असताना. ‘माझेच का’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला असेलच, तर तो याला होता.

भिंतीकडे तोंड

त्याने भिंतीकडे तोंड वळवले. दरबारी, वैद्य, संदेष्टा, सगळ्यांकडे पाठ. मग तो म्हणाला की, मी तुझ्यासमोर खरेपणाने आणि पूर्ण मनाने चाललो हे आठव. आणि मोठमोठ्याने रडला.

या प्रार्थनेत त्याने जीव वाचवण्याची मागणी शब्दांत केलेलीच नाही. ‘आठव’ एवढेच म्हटले. बाकीचे रडण्याने सांगितले. यशया अजून मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच त्याला परत फिरायला सांगण्यात आले : तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझे अश्रू पाहिले आहेत, तिसऱ्या दिवशी तू परमेश्वराच्या घरी जाशील, तुझ्या आयुष्यात १५ वर्षे वाढवतो आणि या नगराला अश्शूरच्या राजाच्या हातून सोडवतो.

आणि लगेच अंजिरांची चांदकी गळवावर बांधायला सांगितली. वचन देणाऱ्याने औषधही लावायला लावले! विश्वास ठेवायचा की उपचार घ्यायचे, असा पेच आपल्यात अजून कोणाकोणाला पडतो. अंजिरांच्या या एका वाक्याने तो सुटायला हवा.

या प्रार्थनेवर एक आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो : हिज्कीयाने देवाची इच्छा स्वीकारून निमूटपणे मरायला हवे होते, त्याने हट्ट केला आणि त्या वाढीव वर्षांत मनश्शेसारखा दुष्ट मुलगा जन्माला आला. हे मला अजिबात पटत नाही. जगू दे म्हणून देवापाशी रडणे हा अविश्वास असेल, तर गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेचे काय करायचे? हा प्याला माझ्यापासून टळू दे, असे तिथे खुद्द प्रभू येशूने मागितले; मात्र शेवट तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेही म्हटले. शिवाय मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ पाहा. हिज्कीयापासून मनश्शे, मनश्शेपासून आमोन, आमोनापासून योशीया, आणि ती रेघ पुढे येशू ख्रिस्तापर्यंत जाते. मनश्शे त्या पंधरा वर्षांतला असेल, तर ती वर्षे तारणाच्या वाटेवरचीच होती. देवाने नाइलाजाने दिलेली चूक म्हणून ती मोजता येत नाहीत.

तेव्हा मागण्यात दोष नव्हता आणि मिळण्यातही नव्हता.

त्याने स्वतः काय लिहून ठेवले

बरा झाल्यावर हिज्कीयाने एक लेख लिहिला, तो यशयाच्या ३८ व्या अध्यायात आहे. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचे इतके उघडे बोलणे शास्त्रात फार थोड्या ठिकाणी सापडते. माझे घर मेंढपाळाच्या राहुटीसारखे उपटून नेले, असे तो म्हणतो. विणकराने कापड गुंडाळावे तसे मी माझे आयुष्य गुंडाळले; तो मला मागावरून कापून टाकतो आहे. पाखरासारखा मी चिवचिवलो, पारव्यासारखा घुमलो, वर पाहून पाहून डोळे शिणले.

विणकराचा दाखला मला फार खोल वाटतो. कापड मागावरून उतरवले जाते तेव्हा विणणाऱ्याला ते पुरे झाले असे वाटत असेलच, असे नाही. पण जेवढे विणले गेले तेवढे कापडच असते. अर्धे आयुष्य म्हणजे वाया गेलेले आयुष्य, असे त्यातून निघत नाही.

या लेखात शेवटाकडे एक वाक्य येते आणि माझ्या मते ते या प्रकरणाचा कणा आहे. जिवंत, जिवंत माणूसच तुझे उपकार मानतो, जसे मी आज मानत आहे. बाप आपल्या मुलांना तुझी सत्यता कळवतो. अशा अर्थाचे ते बोल आहेत.

म्हणजे वाढीव वर्षे कशासाठी, हे त्याला ठाऊक होते. त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते : बापाने मुलांना सांगायचे.

दूरदेशीचे पाहुणे

त्यानंतर बाबेलचा राजा मरोदख-बलदान याने पत्रे व नजराणा देऊन माणसे पाठवली. हा मरोदख-बलदान अश्शूरविरुद्ध पुन्हा पुन्हा बंड करणारा राजा होता आणि मित्र शोधत होता, हे अश्शूरी लेखांतूनही कळते. हिज्कीयाला आनंद झाला. त्याने रुपे, सोने, मसाले, मोलवान तेल, शस्त्रागार, सगळे दाखवले. घरात आणि राज्यात न दाखवलेले काही उरले नाही.

इतिहासाचे पुस्तक इथे एक बारीक गोष्ट जोडते. देशात जो चमत्कार घडला होता त्याची विचारपूस करायला ते दूत आले होते. राजा बरा होणार याची खूण म्हणून आहाजाच्या पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे गेली होती, तिची कीर्ती लांबवर पोहोचली होती. तुला काय झाले, कसा वाचलास, हे विचारायला माणसे शेकडो कोस तुडवून आली, आणि त्यांना दाखवले गेले कोठार.

यशया पुन्हा आला. ही माणसे काय म्हणाली आणि कुठून आली, असे त्याने विचारले. हिज्कीयाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले : दूर देशाहून, बाबेलहून. पहिला प्रश्न तसाच राहिला. काय बोलणे झाले, ते त्याने सांगितलेच नाही. बोलणे कशाचे झाले असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मिळालेल्या जीवदानाबद्दल तो चार शब्द बोलला असता, तर यशयाला सांगण्याजोगे उत्तर त्याच्यापाशी असते.

आपल्यालाही बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी लोक जमतात. कसे काय सावरलात, असे विचारतात. तेव्हा आपण कुठला डॉक्टर, कुठली शस्त्रक्रिया, कोण किती धावून आले, हे सगळे सांगतो. सांगावेच. पण विचारणाऱ्याच्या प्रश्नाखाली बऱ्याचदा दुसरा प्रश्न दडलेला असतो : तुम्ही घाबरला होता का? रात्री कोणाला हाक मारली? त्याला उत्तर द्यायची वेळ पुन्हा येईलच, असे नसते.

इतिहासाच्या पुस्तकाचा लेखक हिज्कीयाबद्दल कठोर शब्द वापरतो. त्याच्यावर झालेल्या उपकाराची त्याने फेड केली नाही, कारण त्याचे मन उन्मत्त झाले. पुढे तो नम्र झाला, हेही तोच लिहितो. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत आणि ती तशीच राहू द्यावीत.

माझ्या दिवसांत

यशयाने मग दुसरा निरोप सांगितला. तुझ्या घरातले सगळे बाबेलला नेले जाईल. तुझ्या पोटच्या पुत्रांपैकी काहींना नेतील आणि ते बाबेलच्या राजवाड्यात खोजे होतील.

हिज्कीया म्हणाला, परमेश्वराचे हे वचन बरे आहे. कारण माझ्या दिवसांत तर शांती आणि सत्य राहील.

हे वाक्य नम्रतेचे आहे, शिक्षेपुढे मान तुकवण्याचे आहे, असे काही भाष्यकार मानतात. तसे असू शकते. तरी दोन्ही निरोपांच्या वेळचा हिज्कीया शेजारी शेजारी उभा करून पाहिला की मन अस्वस्थ होते. स्वतःचे मरण कळले तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो हमसून रडला. मुलांची गुलामगिरी कळली तेव्हा एका अश्रूचीही नोंद नाही. प्रार्थनेची नाही, उपवासाची नाही, यशयाला थांबवून आणखी काही विचारल्याचीही नाही.

आणि संदेष्ट्याचा कठोर निरोप रडल्याने फिरू शकतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? स्वतःच्या आजारात त्याने ते अनुभवले होते. त्याआधी किंवा त्याच काळात मीखा संदेष्ट्याने सीयोन शेतासारखे नांगरले जाईल असे सांगितले, तेव्हाही हिज्कीयाने परमेश्वराचे भय धरून विनवणी केली आणि अरिष्ट टळले. ही आठवण लोकांनी जपली होती. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याचा जीव धोक्यात आला तेव्हा देशाच्या वडिलांनी हाच दाखला देऊन त्याची बाजू मांडली. म्हणजे दार कसे ठोठवायचे हे त्याला येत होते. या वेळी ठोठावले नाही.

मला वाटते, आयुष्याचा आकडा कळण्याने त्याचे थोडे नुकसान झाले. आपल्यापैकी कोणालाही जे ठाऊक नसते ते त्याला ठाऊक होते : अजून इतकी वर्षे आहेत. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या धनवान शेतकऱ्यालाही असेच वाटत होते. पुष्कळ वर्षे पुरेल इतका माल साठवला आहे, आता आराम कर. त्याचा हिशेब त्याच रात्री चुकला. हिज्कीयाचा हिशेब चुकणार नव्हता, देवाचे वचनच होते. पण शिल्लक पुरेशी आहे हे समजल्यावर माणूस कसा सैलावतो, ते दोघांत सारखेच दिसते. ९० व्या स्तोत्रात मोशे दिवस गणायला शिकव असे मागतो. किती उरले ते सांग, असे मागत नाही. याकोबही त्याच्या पत्रात हेच धरतो. उद्या काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही, तुमचे आयुष्य थोडा वेळ दिसणारी वाफ आहे. म्हणून प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू किंवा ते करू, असे म्हणा. त्या वाक्यात ‘जगू’ आणि ‘करू’ हे दोन्ही शब्द आहेत. वाफ आहात म्हणून हात जोडून बसा, असे तो सांगत नाही. व्यापारही करा, बेतही आखा, फक्त त्यांच्या माथ्यावर मालकाचे नाव असू द्या.

बारा वर्षांचा वारस

हिज्कीयाने एकूण २९ वर्षे राज्य केले. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा मनश्शे १२ वर्षांचा होता. सरळ हिशेब केला तर मूल आजारानंतर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जन्मले. बापाच्या हयातीतच मनश्शे त्याच्याबरोबर राज्य करू लागला होता, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर हा हिशेब बदलतो. पण कसाही लावला तरी या मुलाचे कळते वय बापाच्या वाढीव वर्षांतच गेले.

मनश्शेने ५५ वर्षे राज्य केले. बापाने पाडलेली उच्च स्थाने, म्हणजे उंचावरची पूजास्थाने, त्याने पुन्हा बांधली, मंदिराच्या अंगणांत आकाशातल्या ताऱ्यांच्या वेद्या उभारल्या, स्वतःच्या मुलाला अग्नीत अर्पण केले आणि निरपराध रक्ताने यरुशलेम भरून टाकले. बापाचे सगळे काम एका पिढीत उलटले.

इथे मला सावध राहायला हवे. मुलाच्या दुष्टपणाचा दोष बापाच्या माथी मारणे सोपे असते आणि अनेकदा क्रूर असते. विश्वासू आईबापांची मुले दूर गेलेली मी पाहिली आहेत, आणि ते आईबाप गुडघ्यांवर असतात तेही पाहिले आहे. त्यांना हिज्कीयाचे नाव घेऊन टोचावे, असे मला चुकूनही वाटत नाही. हिज्कीयाने मनश्शेला शिकवले नाही, असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. ते गप्प आहे. मनश्शे पुढे साखळदंडांत बाबेलला नेला गेला आणि संकटात त्याने आपल्या पूर्वजांच्या देवापुढे स्वतःला फार नम्र केले, असे इतिहासाचे पुस्तक सांगते. बाप वारल्यावर कित्येक वर्षांनी तो त्या देवाला हाक मारतो, तेव्हा ते नाव त्याला कोणाकडून तरी मिळालेले असते. कदाचित बापाकडूनच.

तरीही पहिला निरोप मनातून जात नाही : घराची निरवानिरव कर.

‘निरवणे’ हे आपले जुने क्रियापद आहे. एखाद्याला किंवा एखादी गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपवणे, त्याच्या सांभाळात देणे, असा त्याचा अर्थ. निघताना ‘लेकराला तुमच्या पदरात निरवले’ असे म्हणायची रीत होती. पुढे निरवानिरव म्हणजे मरणापूर्वीची आवराआवर, असा अर्थ रूढ झाला आणि शब्दाला अशुभाचा वास लागला. ‘निरवानिरवीची भाषा करू नकोस’ असे आपण कोणालाही पटकन म्हणतो. शब्दाच्या मुळाशी मात्र मरण नाही, भरवसा आहे. ज्याच्यावर विसंबता येते त्याच्याच हाती माणूस काही निरवतो.

परमेश्वराने दुसरा निरोप पाठवला तेव्हा त्यात मरण पुढे ढकलले. निरवानिरव करू नकोस, असे त्यात म्हटलेले नाही. आज्ञा आणि तिचे कारण एकाच वाक्यात होते. ते कारण पंधरा वर्षे पुढे ढकलले गेले आणि आज्ञा, माझ्या वाचनाप्रमाणे, तशीच उभी राहिली. हिज्कीयाने ती पाळल्याचे त्या तिन्ही ठिकाणी कुठे दिसत नाही. कोठारांची यादी आहे, मेंढवाडे, गोठे, ढाली, मोलवान रत्ने यांची नोंद आहे. ‘मुलाला जवळ बसवून सांगितले’ अशी ओळ नाही. दाविदाने शलमोनाला जवळ बोलावून शेवटच्या गोष्टी सांगितल्या, ती ओळ शास्त्रात आहे. म्हणून इथली पोकळी अधिक जाणवते.

अहवाल चांगला आल्यावर

हे प्रकरण आज कोणाच्या उपयोगी पडेल, असे मला विचारले तर मी पहिल्यांदा अशा माणसाकडे बोट दाखवीन की ज्याचा अहवाल चांगला आला आहे. मरणाच्या सावलीत असलेल्याला निरवानिरव सुचते, जवळचे लोकही मदत करतात. ज्याला सोडवले गेले, त्याच्या मनातून हा विषय पहिल्यांदा पुसला जातो. रुग्णालयातल्या रात्री त्याने ठरवलेले असते : भावाशी बोलायचे, त्या जुन्या भांडणाची माफी मागायची, घराचे कागद नीट करायचे, मुलांना एकदा आपला विश्वास कसा जडला ते सांगायचे. घरी आल्यावर आठ दिवसांत पूर्वीची घाई सुरू होते. मग कोणी आठवण केली, तर मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, लोक म्हणतात, विश्वास ठेव, आता असले काही बोलू नकोस.

असे म्हणणाऱ्यांचे प्रेम खरे असते. पण ते विश्वासाला आणि तयारीला एकमेकांसमोर उभे करतात, आणि त्यात माणसाची मोठी हानी होते. मृत्युपत्र लिहिणारा विश्वासात कमी पडला, असे होत नाही. कर्ज किती, देणे कोणाचे, चाव्या कुठे, म्हाताऱ्या आईला कोण पाहील, मंडळीत मी जे काम करतो ते माझ्यानंतर कोण उचलेल आणि मी त्याला ते शिकवले आहे का, हे सगळे प्रीतीचे प्रश्न आहेत. माणूस घाईत गेला तर ते मागे राहिलेल्यांच्या अंगावर कोसळतात, तेही ऐन शोकात.

प्रभूकडे पाहिले की हे जास्त कळते. वधस्तंभावर, श्वास घेणेही जड झालेले असताना, त्याने आपल्या आईकडे आणि प्रिय शिष्याकडे पाहिले आणि दोघांना एकमेकांच्या हाती दिले. त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान लिहितो. आणि अगदी शेवटी, हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो, हे लूकने नोंदलेले बोल. आईला शिष्याच्या हाती, स्वतःला बापाच्या हाती. निरवणे म्हणजे काय ते इथे डोळ्यांसमोर येते. तीन दिवसांनी उठणार हे माहीत असलेल्यानेही आईची व्यवस्था टाळली नाही.

पौलाचेही तसेच. प्रस्थानाची वेळ आली आहे असे लिहिणारा हा माणूस त्याच पत्रात तीमथ्याला झगा आणायला सांगतो, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे आणायला सांगतो आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो. माझ्याकडून ऐकलेले विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ते इतरांनाही शिकवतील, हेही त्याच पत्रात आहे. मरण दाराशी आहे म्हणून थंडी वाजायची थांबत नाही आणि वाचायचेही थांबत नाही. हे वाचताना मला दर वेळी धीर येतो.

ज्यांना पंधरा वर्षे मिळाली नाहीत त्यांच्याविषयीही लिहिल्याशिवाय हे प्रकरण मिटवता येणार नाही. हिज्कीयासारखेच रडलेले, त्याच्याहून निष्पाप, आणि तरी गेलेले लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांची प्रार्थना कमी पडली, असे त्यांच्या घरच्यांना कोणी सांगू नये. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले आणि त्यानंतर धरलेल्या पेत्राला देवदूताने तुरुंगातून सोडवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत आणि लूकने कारण दिलेले नाही. मीही देणार नाही. हिज्कीयाच्या कथेतून एवढेच हाती लागते की जास्त वर्षे मिळणे हे अधिक विश्वासू जगल्याचे माप ठरत नाही. त्याची उत्तम वर्षे बहुधा आजाराआधीची होती, जेव्हा त्याला आकडा ठाऊक नव्हता आणि पहिल्याच महिन्यात मंदिराचे दार उघडायची घाई होती.

खडकातले पाणी

राजांच्या पुस्तकात त्याच्या मरणाची नोंद येते तिथे एका कामाचा खास उल्लेख आहे : त्याने तळे आणि नळ बांधून नगरात पाणी आणले. यरुशलेममध्ये तो बोगदा आजही आहे. गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत सुमारे ५३३ मीटर, सगळा खडकात कोरलेला. बहुतेक अभ्यासक तो हिज्कीयाच्या काळचाच मानतात. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर एक प्राचीन इब्री लेख सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. खोदणाऱ्यांच्या दोन तुकड्या दोन टोकांकडून निघाल्या होत्या. काही हात अंतर उरले तेव्हा खडकापलीकडून एकमेकांच्या हाका ऐकू आल्या, टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी वाहू लागले, असे त्यात कोरले आहे. राजाचे नाव त्यात नाही.

इसवी सन पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब चालून आला. यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचे त्याने आपल्या लेखात नमूद केले. यरुशलेम घेतल्याचे मात्र त्याला लिहिता आले नाही. हिज्कीयाच्या मुद्रेचा मातीवरचा एक ठसाही यरुशलेमच्या उत्खननात मिळाला आणि २०१५ मध्ये जाहीर झाला. पंख असलेला सूर्य, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ‘जीवन’ दर्शवणारे मिसरी चिन्ह. भिंतीकडे तोंड करून जीवन मागणाऱ्या माणसाच्या बोटाखाली तीच खूण होती.

पाणी वेढ्यासाठी आणले होते. वेढा उठला, राजा गेला, मनश्शे गेला, योशीया गेला. बाबेलचे लोक आले, नगर जळाले, पुन्हा बांधले गेले. पाणी वाहत राहिले. राजाच्या मरणानंतर सातशे वर्षांनी जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस डोळ्यांवर चिखल घेऊन, चाचपडत, त्या शिलोहाच्या तळ्यावर आला. येशूने त्याला तिथे जाऊन धुवायला सांगितले होते. त्याने ओंजळीत पाणी घेतले, डोळे धुतले आणि पाहत परत गेला.